उजव्या पुठ्ठ्यावरचा गेरू

एफीचं म्हणणं साधं होतं. माणसं खोटं बोलतात, इस्टेटीचे कारभारी तर पगारच त्याचा घेतात, आणि डोंगरसुद्धा खाणवाल्यांनी कुरतडला की ओळख देत नाही. पण मेंढीच्या पुठ्ठ्यावर गेरू ज्या बाजूला लावला त्याच बाजूला राहतो. फोटोत तो दिसत होता. कुणालाही दिसला असता. फक्त इतिहास मंडळाच्या लोकांना दिसत नव्हता, कारण ते शिकलेले होते.

ऑक्टोबरपासून दर गुरुवारी ती गावच्या हॉलवर येऊन हेच सांगत होती. आता नाताळ तोंडावर आला होता आणि तिचा घसा बसला होता. मंडळ मात्र बसल्या जागेवरून हललं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात गावापुढच्या या तळ्याच्या काठांवर ब्रिटिश कमांडो तयार झाले. बोटींतून गार पाण्यात उड्या टाकायच्या, दोराला लटकून ओढे ओलांडायचे, खऱ्या गोळ्यांखालून पळत सुटायचं. त्या शिक्षणाचे फोटो लंडनच्या एका संग्रहालयात पडून होते. मागे लिहिलेलं फक्त ‘स्कॉटलंड’. त्या काळी जागेचं नाव लिहायला मनाई होती, जणू जर्मन लोक येऊन आमचे ओढे उचलून नेणार होते. मंडळाने ते फोटो मागवले, आणि वसंतात प्रदर्शन भरवून प्रत्येक फोटोखाली जागेचं नाव लिहायचं ठरवलं. बरेच फोटो पटापट ओळखू आले. पुलाची कमान कोण विसरणार? ओढ्यातला तो चपटा खडक, ज्यावर गावातल्या निम्म्या पोरांनी गुडघे फोडून घेतले, तो तर मंडळाच्या गिलिस मास्तरांनी लांबूनच ओळखला.

राहिला होता एकच फोटो. तो बोटीतून काढलेला होता. समोर काठावर कमांडो पाण्यातून वर चढताहेत, मागे बॉम्बचा पांढरा धूर, धुरामागे डोंगराची कड, आणि या सगळ्या गोंधळातून जीव घेऊन उजवीकडे पळणारी एक मेंढी. अंग आडवं, मान पुढे ताणलेली. तिच्या उजव्या पुठ्ठ्यावर गेरूचा, फोटोत काळा दिसणारा डाग.

“ही आमची मेंढी,” एफी पहिल्याच दिवशी म्हणाली होती. “आणि ही जागा स्ट्रोन.”

हे तिने नुसतं हौसेने म्हटलं नव्हतं. त्यामागे सगळं घर उभं होतं, किंवा पडलं होतं म्हणा.

एफीचा बाप यूअन मॅकमास्टर इस्टेटीचा मेंढपाळ. तळ्याच्या अलीकडचा काठ, म्हणजे स्ट्रोन, त्याच्याकडे. पलीकडे, तळ्याच्या माथ्याजवळ, लॅखी केनेडीचा कळप. मेंढ्या दोन्हीकडे मालकाच्याच, कानाची खूणही एकच. तळ्याच्या माथ्याशी दोन्ही कळप एकमेकांत मिसळायचे, तेव्हा ओळख काय ती गेरूची. यूअन उजव्या पुठ्ठ्यावर लावायचा, लॅखी डाव्या. लढाई आली तसा पलीकडचा आर्डव्हेनचा काठ मालकाने फौजेला देऊन टाकला. कुंपणाला तार मिळत नव्हती. गोळीबाराचं लाल निशाण चढलं की मेंढ्या तिकडे फिरकू द्यायच्या नाहीत, एवढं दोघा मेंढपाळांना बजावलं गेलं, आणि त्यांचे कुत्रे हेच कुंपण असं ठरलं.

मग एका शरदात आर्डव्हेनला बॉम्ब पडून मेंढ्या मेल्या. फौजेने त्या कुणाला बघायला ठेवल्या नाहीत, खड्डा करून पुरून टाकल्या. कारभाऱ्याने दोन्ही कळप खाली आणवले आणि मोजले. लॅखीचा पुरा भरला. यूअनचा कमी भरला. त्यापुढे विचार करायची कारभाऱ्याला सवय नव्हती.

हलगर्जी मेंढपाळ. आमच्याकडे माणसाला दारुडा म्हणा, तो हसेल. देव न मानणारा म्हणा, वाद घालेल. पण मेंढपाळाला हलगर्जी म्हटलं की त्याच्या घरात पुन्हा कुणी कुत्र्याचं पिल्लू मागायला येत नाही. यूअनची नोकरी गेली, नोकरीबरोबर घर गेलं. एफीची शाळा तेव्हाच सुटली, आणि ती हॉटेलच्या चादरी धुवायला लागली. आई चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला लागली आणि मरेपर्यंत तिथेच बसली. बाप रस्त्याच्या टोळीत खडी फोडायला गेला, आणि खाण कुठे उघडली म्हणाल, तर स्ट्रोनलाच. ज्या डोंगरावर तो राजा होता तोच डोंगर त्याने पुढची वीस वर्षं हातोड्याने फोडून रस्त्यावर अंथरला. या गोष्टीवर तो कधी बोलला नाही. कुणी टोचलंच तर एवढंच म्हणायचा, “माझी तिथं नव्हती.” आणि पाइप पेटवायचा.

माझी तिथं नव्हती. एफीने त्यावर आयुष्यभर डोकं चालवलं होतं. मेंढ्या तिथं, आर्डव्हेनला, नव्हत्या. पण कमी तर भरल्या. म्हणजे त्या घरच्या रानातच मेल्या. म्हणजे फौजेने स्ट्रोनला, जिथे यायचा त्यांना हक्कच नव्हता तिथे, येऊन बॉम्ब फोडले आणि मग हात वर केले. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पुरावा नव्हता. आता पुरावा हॉलच्या खिडकीवर लटकत होता, पळत होता, आणि मंडळ त्याच्याकडे बघून चहा पीत होतं.

मंडळाचा अडसर होता डोंगर. गिलिस मास्तर निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी वर्गातच उभे असल्यासारखे बोलत. त्यांनी सुरुवातीलाच आर्डव्हेन बाद केलं होतं. आर्डव्हेनच्या कडेला एक दात आहे, सुळ्यासारखा, तो उजव्या अंगाला. फोटोत असलाच एक दात आहे, पण डाव्या अंगाला, आणि उतारही उलटा. तेव्हा आर्डव्हेन नाही. एफीला हे मान्य होतं. मास्तरांचं तिला मान्य झालेलं तेवढं एकच वाक्य. मग स्ट्रोन का नाही? तर मास्तर म्हणत, स्ट्रोनच्या डोंगराला असा दात होता याला आधार काय? एफी म्हणे, आधार तुमच्या मोटारीच्या चाकाखाली आहे, मास्तर, रोज त्याच्यावरून जाता. खाणीने डोंगराचा माथाच खाल्ला, आता दात कुठून दाखवू?

तिला आठवत होता का तो दात? खरं सांगायचं तर नाही. पण नव्हता असंही आठवत नव्हतं, आणि बाकीच्यांना तर डोंगरच आठवत नव्हता.

मंडळात दुसरा होता डेस्मंड प्रूएट. इंग्लंडातून येऊन इथे घर घेतलेला, सभ्य, स्वच्छ, आणि सगळ्या गोष्टींना ‘शक्यता’ म्हणणारा. नोकरी फौजेत, पण हिशेबाच्या खात्यात. पेन्शन मोजण्यात त्याची सगळी उमेद गेली होती. फोटो मोठे करून पातळ कागदावर छापून आणायचं काम त्याचं. नोटिशीच्या फळीवर पत्त्यांच्या डावांची आणि नाताळच्या जेवणाची पत्रकं लागलेली, म्हणून तो ते कागद हॉलच्या मोठ्या खिडकीच्या काचेला चिकटवायचा. दर गुरुवारी तो हळुवार आवाजात म्हणायचा, “शक्यता आहे, एफीबाई, नाकारता येत नाही.” मग फौजेची कागदपत्रं काढायचा, ज्यांत स्ट्रोनचं नाव कुठेच नव्हतं. एफी म्हणायची, चोराने चोरी केलेल्या घराचा पत्ता वहीत लिहून ठेवला असता तर पोलिसांची गरजच उरली नसती. डेस्मंड मान हलवायचा आणि म्हणायचा, तीही शक्यता आहे.

घरीही कुणी तिच्या बाजूने नव्हतं. तीन मुलगे, तिघेही तिच्या शब्दाबाहेर नसलेले, पण या विषयावर तिघेही खिडकीबाहेर बघायचे. थोरली सून एकदा धीर करून म्हणाली, आई, साठ वर्षं झाली, आता सोडा. एफीने तिला शांतपणे सांगितलं, “तुझ्या बापाला कधी कुणी नावं ठेवली नाहीत, बाई, कारण त्याने कधी काही केलंच नाही.” तो रविवार सगळ्यांनी मुकाट्याने जेवून घालवला.

उरली पेगी. लॅखी केनेडीची मुलगी. दोघी एका बाकावर शिकलेल्या, एकाच वर्षी विधवा झालेल्या. पेगी कमी बोलायची, त्यामुळे एफीचं तिच्याशी चांगलं जमायचं. गुरुवारी तीच एफीला गाडीतून आणायची आणि मंडळाच्या चहाचं बघायची. फोटोच्या वादात ती कधी पडली नाही. केनेडींना त्यात पडायचं कारणही नव्हतं. त्यांचा कळप पुरा भरला होता.

त्या गुरुवारी मास्तरांनी कागद सरळ केले, चष्मा पुसला, आणि जाहीर केलं की छापखाना थांबायला तयार नाही, तेव्हा राहिलेल्या फोटोखाली ‘जागा अज्ञात’ असं लिहून विषय संपवावा. डेस्मंडने हात वर केला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाचे दोघेतिघे, जे फक्त चहासाठी येत, त्यांनीही केला.

“अज्ञात कुणाला?” एफी म्हणाली.

“एफी, आपण हे सगळं बोललो आहोत.”

“मी बोलले. तुम्ही चहाबरोबर स्कोन खाल्ले.”

मास्तर म्हणाले, मेंढीच्या अंगावरच्या एका डागावर इतिहास उभा करता येत नाही. तो डाग चिखलाचाही असेल. सावलीही असेल. हे ऐकून एफीच्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाने जन्मात मेंढी फक्त ताटात बघितली तो तिला गेरू आणि चिखल यांतला फरक शिकवत होता. ती उठली, खुर्ची मागे पडली, तिने ती उचलली नाही, आणि कोटही न घेता दार उघडून बाहेर निघून गेली.

बाहेर पाऊस नुकताच थांबला होता. चार वाजत आले होते, म्हणजे दिवस संपत आला होता. पश्चिमेला ढगांखाली एक पिवळी फट उरली होती आणि तिच्यासमोर पलीकडच्या काठाची कड काळी उभी होती. ती कड एफी रोज बघत आली होती, त्यामुळे तिने तिच्याकडे बघितलं नाही. ती भिंतीशी उभी राहिली. बापाला मनातल्या मनात म्हणाली, मला जमलं तेवढं केलं, आता हे लोक कागदावर ‘अज्ञात’ लिहिणार, तुला रस्त्यावर खडी फोडायला लावलं तेव्हा बरं सगळं ज्ञात होतं.

मग तिने आत बघायला मान वळवली, मंडळी पुढच्या विषयावर गेली का ते पाहायला.

हॉलमध्ये दिवे लागले होते. खिडकीवरचे पातळ कागद मागून उजळले होते आणि चित्रं बाहेरून, पाठीमागून दिसत होती. तो फोटोही. बोटी, धूर, माणसं, सगळं होतं तसंच होतं आणि तसं नव्हतं. धुरामागे डोंगराची कड होती, आणि कडेला दात होता, सुळ्यासारखा, उजव्या अंगाला.

एफीने वळून तळ्यापलीकडे बघितलं. मग पुन्हा काचेकडे. मग पुन्हा तळ्यापलीकडे.

आर्डव्हेन. तोच दात, तोच उतार, खाली खडकाची तीच जीभ पाण्यात शिरलेली. लंडनमध्ये कुणीतरी कधीतरी निगेटिव्हची काच उलटी धरून फोटो छापला होता, बाकी काही नाही. स्ट्रोन नव्हतंच. फौज जिथे असायची तिथेच होती. एवढे गुरुवार ती भांडली होती ते एका उलट्या कागदासाठी.

तिने भिंतीला हात टेकला. आणि तेव्हा तिला मेंढी दिसली.

मेंढी आता डावीकडे पळत होती. दिसत होतं ते तिचं डावं अंग. गेरू डाव्या पुठ्ठ्यावर होता.

माझी तिथं नव्हती.

इतकं सरळ बोलला होता तो. तिनेच त्याच्या तीन शब्दांना डोंगर लावला, फौज लावली, बॉम्ब लावले. माझ्या नव्हत्या, एवढंच तो म्हणत होता. मग कुणाच्या, हे तो मेला तरी बोलला नाही.

दार उघडल्याचा आवाज झाला. पेगी तिचा कोट घेऊन आली होती. तिने तो एफीच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, मरशील थंडीने, मग मला मास्तरांशीही बोलावं लागेल आणि चर्चच्या पाद्र्याशीही. एफी जिकडे बघत होती तिकडे पेगीने बघितलं.

आता एफीच्या मनात काय काय येऊन गेलं ते तिलाच माहीत. एका हाकेसरशी सगळं मंडळ बाहेर आलं असतं. मास्तरांना थंडीत उभं करून, बोट दाखवून, साठ वर्षांचं उट्टं काढता आलं असतं. आणि पेगी शेजारी उभी होती, कोटाची कॉलर नीट करत. तिचे हात थांबले.

मेंढपाळाच्या मुलीला मेंढीची बाजू समजावून सांगावी लागत नाही. पेगीने डोंगर बघितलाच नसेल. तिने सरळ मेंढी बघितली. बराच वेळ बघितली. मग कॉलर सोडली आणि आत गेली.

एफी बाहेरच उभी होती. काचेतून तिने पाहिलं: पेगी खिडकीशी आली, कुणाला न विचारता तो कागद सोलून काढला, उलटा केला, चित्र काचेकडे करून चारी कोपरे दाबून चिकटवला, आणि चहाच्या भांड्याकडे निघून गेली. कागद इतका पातळ होता की आतूनही चित्र स्पष्ट दिसत असणार. एफीला मात्र आता बाहेरून पुन्हा तेच जुनं चित्र दिसत होतं, उजव्या पुठ्ठ्याचं. ती चडफडत आत गेली.

मास्तरांनी बघायला वेळ लावला नाही. पुढच्या विषयाचा कागद हातात घेऊन ते फेऱ्या मारत होते, आणि खिडकीपाशी येऊन थबकले. मग कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, थांबा, थांबा सगळे, हे उलटं छापलंय, हे आर्डव्हेन आहे. मला पहिल्यापासून वाटत होतं. डेस्मंड धावत आला, त्याने भिंग लावून कमांडोंच्या बंदुका बघितल्या आणि लाजून सांगितलं की बंदुकीची ओढायची कडीसुद्धा फोटोत चुकीच्या बाजूला होती, हे त्याच्या आधीच लक्षात यायला हवं होतं. एफी म्हणाली, पेन्शनच्या कागदात बंदूक नसते, तुझा काय दोष. पण तिच्या आवाजात जोर नव्हता आणि कुणी हसलं नाही. सगळे मास्तरांचं अभिनंदन करत होते. कागद कुणी उलटवला, हे एकानेही विचारलं नाही.

मास्तर खुशीत होते. खुशीत माणूस जास्तच शिकवतो. त्यांनी एफीकडे वळून समजुतीच्या सुरात सुरुवात केली. “आता तुम्हीच बघा, एफी. स्ट्रोनला फौज कधी आलीच नव्हती. वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्हीच इतके महिने सांगताय की ही मेंढी तुमच्या वडिलांची. मग ती आर्डव्हेनला, गोळीबारात होती, हे आता या फोटोनेच…”

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, एवढी सभ्यता त्यांच्यात होती. पण बाकीच्यांनी ते मनात पुरं केलं. तोंडं बघून कळत होतं. इतके गुरुवार एफीने स्वतःच्या तोंडाने बापाविरुद्ध साक्ष दिली होती. कारभाऱ्यालाही जमलं नव्हतं इतकी पक्की.

ती उठून उभी राहिली. बोलायला तोंड उघडलं. समोर पेगी चहाची किटली धरून उभी होती, आणि एफीच्या तोंडातून शब्द फुटेना. आयुष्यात तिला कुणाचीही भीड पडली नव्हती. पडायची होती ती नेमकी आज पडली. तिला स्वतःचाच राग आला.

“मास्तर,” पेगी म्हणाली. मंडळात पेगी बोलली की साखर विचारायला बोलते, म्हणून मास्तरांनी कप पुढे केला.

पेगीने किटली खाली ठेवली. “डोंगर उलटवलात, तशी मेंढीही उलटवा. गेरू डावीकडे येतो. डावा आमचा. ती मेंढी माझ्या बापाची आहे.”

मास्तर खिडकीशी गेले, बघितलं, बोटाने हवेत डावं-उजवं केलं आणि परत येऊन बसले. चहासाठी येणाऱ्यांपैकी एकाने चमचा खाली ठेवला, तोही जपून. या गावात केनेडींबद्दल कुणी कधी वाईट बोललं नव्हतं. लॅखी चर्चचा पंच होता. त्याच्या मयतीला तळ्याच्या दोन्ही काठांवरचे लोक आले होते. यूअनच्या मयतीला मात्र पाऊस होता.

शेवटी डेस्मंडने घसा साफ केला आणि विचारलं की मग फोटोखाली काय लिहायचं.

“आर्डव्हेन लिहा,” एफी म्हणाली. आता तिला आवाज सापडला होता. “आणि खाली दुसरी ओळ लिहा. या फोटोतली मेंढी यूअन मॅकमास्टरची नाही.”

मास्तर म्हणाले, असं कुणी लिहीत नाही, फोटोत काय नाही ते खाली लिहायची पद्धत नसते. आणि लोक विचारतील, मग कुणाची?

“मालकाची. सगळ्या मालकाच्याच होत्या.”

“पण एफी, येणाऱ्या लोकांना यातलं काय कळणार?”

“ज्यांना कळायला हवं होतं ते सगळे मेले, मास्तर. तुम्ही लिहा.”

मास्तरांनी लिहिलं. शुद्धलेखनात त्यांची चूक कधीच होत नसे.

पेगी एफीला घरी सोडायला निघाली. पेगीच्या गाडीचा हीटर चालायचा नाही. एरवी एफी त्यावरून खाणीपर्यंत टोमणे मारत यायची. खाणीजवळ दिव्यांच्या उजेडात स्ट्रोनचा अर्धा डोंगर येऊन गेला. भांडायला एक माणूस हवा होता तिला, आणि तो कधीचाच तळ्यापलीकडच्या थडग्यात निवांत होता. मास्तरांशी भांडून आता काय मिळणार होतं?

एफीच्या फाटकाशी पेगीने गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. समोर बघत म्हणाली, “त्या वर्षी गेरू दोनदा कालवला होता आमच्याकडे. एकदा नेहमीसारखा, आणि एकदा कळप मोजायच्या आधी. अंधारात. डाग लावायची काठी माझ्या हातात दिली होती. मला वाटायचं, पहिला पावसाने गेला असेल.”

एफीला मोजणीचं गणित तेव्हा पुरं लागलं. लॅखीचा पुरा का भरला, आणि यूअनचा का नाही. आपल्या बापाच्या मेंढ्या उजव्या अंगाने खरडून डाव्या अंगाने रंगवलेल्या, मोजणीत त्याच्याच डोळ्यांसमोरून गेल्या. मेंढपाळाला मेंढीचं तोंड ओळखू येतं. त्याने ओळखलं असणार. पण बोलला असता तर लॅखीचं घर गेलं असतं, आणि त्या घरात तेव्हा काठी धरणाऱ्या वयाची पोर होती, शाळेत एफीच्या शेजारी बसणारी.

“गाढव होता माझा बाप,” एफी म्हणाली. “बोलायला काय झालं होतं त्याला.”

पेगीने स्टिअरिंगवरचे हात मांडीत घेतले.

एफी उतरली. पेगीच्या गाडीचं ते दार कधी नीट लागत नसे, आपटावं लागे. एफीने आपटलं, ते लागलं नाही. तिने पुन्हा उघडून आणखी जोरात आपटलं, इतकं की काच खडखडली, आणि फाटक उघडं टाकून मागे न बघता घरात गेली. पेगी तशीच बसून राहिली, ते आपटणं दाराचं होतं की तिच्यासाठी होतं ते तिला कळेना.

घरात दिवा लागला. मग खिडकी वर सरकली आणि एफीचं डोकं बाहेर आलं.

“गुरुवारी लवकर ये. त्या मास्तराचा भरवसा नाही, ओळ खोडून टाकील.”